मावशीच्या फोनची खरखर, आणि इंजिनीअर बोलावला तर ८५ पौंड कोणाचे?

रानजाई | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इंग्लंडात राहणाऱ्यांची मदत हवी आहे. टेलिफोन खात्यात नोकरी केलेलं कोणी इथे असेल तर त्यांचीही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी मावशी लेस्टरला एकटी राहते. वय ८१. १९७१ साली नर्स म्हणून इकडे आली ती आलीच. काका जाऊन सहा वर्षं झाली. मी ब्रिस्टलला असते, म्हणजे गाडीने अडीच तास. तिच्याकडे मोबाइल आहे, पण तो ड्रॉवरमध्ये, बंद करून, "चार्जिंग संपू नये म्हणून". तिचा खरा फोन म्हणजे दारापाशी टेबलावरचा. दुसरा वर झोपायच्या खोलीत, तिसरा स्वयंपाकघरामागच्या काचेच्या पडवीत. वरचा आणि मागचा काकांनी स्वतः वायर ओढून जोडलेला.

गेल्या महिन्यापासून फोनवर खरखर आहे. पाऊस लागला की फार वाढते. कोल्हापूरहून आई दर रविवारी तिला फोन करते. ती म्हणते, आमच्या दोघींच्या मध्ये कोणीतरी भजी तळतंय. झोपायच्या खोलीतला फोन वाजतच नाही, उचलला तर बोलता मात्र येतं. इंटरनेटही मधूनमधून जातं. आणि मुख्य म्हणजे तिच्या गळ्यात ते अलार्मचं बटण आहे, पडलीबिडली तर दाबायचं. ते याच लाइनवरून जातं.

कंपनीला फोन केला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका मुलीने लाइन तपासून "आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय" म्हणून सांगितलं. इंजिनीअर पाठवू, पण दोष घरातल्या वायरिंगमध्ये किंवा तुमच्या फोनमध्ये निघाला तर ८५ पौंड लागतील, कबूल आहे का? मावशी स्पीकरवर होती. तिने तिथल्या तिथे "नो थँक्यू" म्हणून फोन ठेवला.

दोष कुठे आहे हे मला कळलं असतं तर मी इंजिनीअर कशाला बोलावला असता? आधी पैसे कबूल करा, मग कोणाचा दोष ते आम्ही ठरवू, असा हा प्रकार. आगाऊ कळायची काही सोय असते का?

---

हॅरोकर | सोमवार, रात्री ९:३२

अजिबात कबूल करू नका. आमच्याकडे आला, दहा मिनिटं बसला, "नो फॉल्ट फाउंड" लिहून गेला आणि पुढच्या बिलात रक्कम हजर.

---

बिनतारी | सोमवार, रात्री ९:४०

या काळात लँडलाइन कोण ठेवतं? मावशींना मोठ्या बटणांचा मोबाइल द्या आणि प्रश्न मिटवा.

---

रानजाई | सोमवार, रात्री ९:५५

@बिनतारी, दिलाय. ड्रॉवरमध्ये आहे. वर लिहिलंय.

---

पर्वतीकर_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:०५

रानजाई, मी पुण्याला टेलिफोन खात्यात ३४ वर्षं होतो. आधी टेस्ट डेस्कवर, नंतर जेटीओ, म्हणजे कनिष्ठ अभियंता म्हणून. इंग्लंडातलं बिल कसं लावतात ते मला ठाऊक नाही, पण तांब्याच्या तारांची जोडी इथे तशीच तिथे. पैशाचं नंतर बघू. आधी एवढं सांगा.

खरखर तिन्ही फोनवर आहे की एकाच? फोन येऊन घंटा वाजली आणि मग उचलला तर थोडा वेळ आवाज स्वच्छ येतो का? आणि आपण नंबर फिरवला तर लगेच खरखर सुरू होते का? इंटरनेट जातं ते फोन वाजायला लागला की जातं, की केव्हाही? पडवीतला फोन भिंतीवर आहे की जमिनीलगत, आणि पडवी गळते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट आठवून द्या. त्यावर बरंच अवलंबून आहे.

---

तांब्याची_तार | मंगळवार, दुपारी १:१५

मी इथे याच धंद्यात आहे, कुठल्या कंपनीत ते विचारू नका. थोडं मुळापासून सांगतो, कारण पैशांचा सगळा घोळ एका डबीभोवती फिरतो.

इथे बिल पाठवणारी कंपनी एक आणि तार सांभाळणारी दुसरी. बहुतेक भागात तार ओपनरीचची असते, हल आणि आजूबाजूला केकॉमची. ओपनरीच २००६ मध्ये बीटीचा, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉमचा, वेगळा विभाग म्हणून निघाली. तक्रार तुम्ही बिलवाल्या कंपनीकडे करायची, ती तारवाल्यांकडे माणूस मागणार. तारवाले तिला पैसे लावणार आणि ती ते तुमच्यावर ढकलायचे की नाही हे ठरवणार. फोनवरच्या त्या मुलीला तुमचा दोष कुठे आहे याची कल्पना नसते. तिच्यासमोर पडद्यावर वाक्य येतं, ती ते वाचते.

आता डबी. रस्त्यावरून येणारी तार घरात जिथे पहिल्यांदा संपते ते मास्टर सॉकेट. तिथपर्यंतचं सगळं, सॉकेट धरून, तारवाल्यांचं. त्याच्या पुढचं सगळं घरमालकाचं. काकांच्या वायरी म्हणजे मावशींच्या वायरी.

गंमत अशी की हे सॉकेट मुद्दाम दोन तुकड्यांचं केलेलं असतं. जुन्या प्रकारात पुढच्या पट्टीवर मध्ये आडवी रेघ दिसेल आणि खालच्या अर्ध्या भागाला दोन स्क्रू. नव्या प्रकारात स्क्रूऐवजी बाजूला खटके असतात. घरातल्या पुढच्या वायरी या खालच्या पट्टीच्या पाठीला जोडलेल्या असतात. पट्टी पुढे ओढून काढली की घरातलं सगळं वायरिंग एका झटक्यात सुटतं आणि आत उजव्या हाताला अजून एक सॉकेट दिसतं. ते टेस्ट सॉकेट. त्यात साधा, वायरवाला, चांगला माहीत असलेला फोन लावा. म्हणजे तुमचं घर मधून गेलं, उरली फक्त रस्त्याची तार.

मग १७०७० फिरवा. एक बाई तुमचाच नंबर वाचून दाखवेल, मग पर्याय सांगेल. २ दाबा. "क्वाएट लाइन टेस्ट" म्हणेल आणि गप्प होईल. त्या शांततेत कान देऊन ऐका. काहीच ऐकू नाही आलं तर रस्ता ठीक, दोष घरात. खरखर आली तर दोष त्यांचा, बिनधास्त बोलवा.

दोन गोष्टी सांभाळा. स्क्रू फक्त खालच्या अर्ध्याचे. अख्खी डबी भिंतीतून उचकटू नका, ती तुमची नाही आणि मोडली तर त्याचे पैसे मात्र नक्की लागतात. आणि पट्टी काढण्याआधी अलार्मवाल्यांना फोन करून सांगा की लाइन थोडा वेळ बंद राहील.

सॉकेटला मधली रेघ नसेल, एकसंध पट्टी असेल, तर ते फार जुनं. त्याला टेस्ट सॉकेट नसतं. फोटो टाका.

---

हॅरोकर | मंगळवार, दुपारी १:४०

हे मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर... वाखूसा (वाचनखूण साठवली).

---

रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

किती छान समजावलंत! मधली रेघ आहे. मावशीने भिंग घेऊन बघितलं आणि "दोन स्क्रू, एकाला तुझ्या काकांनी रंग फासलाय" म्हणून सांगितलं.

पर्वतीकर काका, तुमची उत्तरं. खरखर तिन्हीवर. पडवी गळते, फोन जमिनीपासून वीतभर वर. इंटरनेट जातं ते बहुतेक फोन आल्यावरच, मावशी म्हणते "मालूचा फोन आला की टीव्हीवरची मालिका थांबते". (मालू म्हणजे माझी आई.) आणि दुसरा प्रश्न विचारल्यावर ती गप्पच झाली, मग म्हणाली, "अगं, खरंच की. मालूचा फोन आला तर पहिली पाच मिनिटं छान जातात. मी केला तर पहिल्यापासून भजी." तुम्हाला हे पुण्यात बसून कसं कळलं?

---

पर्वतीकर_निवृत्त | बुधवार, सकाळी ५:५०

जादू नाही. कुठेतरी एक जोड हिरवा पडला आहे. दोन तारा एकमेकींना पिळून किंवा दाबून जोडलेल्या असतात, त्यात ओल शिरली की तांब्यावर गंज चढतो. बोलण्याचा करंट फार बारीक असतो, तो त्या गंजातून अडखळत जातो, ती खरखर. घंटेचा करंट मात्र दांडगा. तो आला की गंजाचा पापुद्रा तेवढ्यापुरता फुटतो आणि रस्ता मोकळा होतो. थोड्या वेळाने पुन्हा बसतो. आमच्याकडे जुने लाइनमन असा फोन आला की आधी दोन-तीनदा घंटा द्यायचे, साहेब खूश, आणि जॉइंटर (जोड करणारा माणूस) सापडेपर्यंत दोन दिवस मिळायचे.

इंटरनेटचंही तेच. घंटा आली की जोडातली अवस्था बदलते आणि मोडेमचा तोल जातो.

पण हा जोड रस्त्यावर आहे की तुमच्या पडवीत, हे मला इथून सांगता येणार नाही. तांब्याची_तार यांनी सांगितलेली चाचणी करा.

---

गप्पिष्ट | बुधवार, सकाळी १०:३०

थोडं अवांतर. वरचा फोन बोलतो पण वाजत नाही यावरून आठवलं. आमचे एक नातेवाईक १९८० च्या दशकात लंडनहून येताना बटणांचा फोन घेऊन आले, लाल रंगाचा. मिरजेत अख्खी गल्ली बघायला. लाइनमनने पिन बदलून जोडून दिला. बोलता यायचं, ऐकू यायचं, पण तो कधी वाजलाच नाही. लाइनमनने तीन चहा घेतले, खाली-वर करून बघितला आणि शेवटी "साहेबाचा फोन आहे, हळू बोलत असेल" असं म्हणून गेला.

---

पर्वतीकर_निवृत्त | बुधवार, सकाळी ११:०२

बिचाऱ्या लाइनमनचा दोष नाही. आपल्या फोनमध्ये घंटेसाठी लागणारा कंडेन्सर फोनच्या पोटात असतो, म्हणून दोन तारांवर काम भागतं. त्या काळच्या ब्रिटिश फोनसाठी कंडेन्सर भिंतीतल्या सॉकेटमध्ये ठेवलेला असे आणि घंटेला तिसरी तार. इथे भिंतीत आपलं रोझेट, त्यात दोन स्क्रू आणि दोन तारा. तो वाजणार कुठून?

---

तांब्याची_तार | बुधवार, दुपारी १२:४५

बरोबर. मास्टर सॉकेटमध्ये १.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (म्हणजे काकांचा कंडेन्सर) असतो, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या टोकावरून घंटेची तार निघते. बोलण्याची जोडी २ आणि ५ वर: निळी, पांढरे पट्टे असलेली आणि पांढरी, निळे पट्टे असलेली. ३ वर नारिंगी. मावशींच्या वरच्या खोलीत नारिंगी तार तुटली किंवा सुटली असणार. जुना फोन असेल तर तो तिच्याशिवाय वाजत नाही, आजकालचे बहुतेक वाजतात.

अजून एक. इंटरनेट आलं तेव्हापासून ही नारिंगी तार तशी उपद्रवीच. तिला जोडीदार नाही, एकटीच घरभर फिरते आणि एरियलसारखा गोंगाट गोळा करते. पूर्वी ती काढली की कित्येकांच्या इंटरनेटचा वेग वाढायचा.

---

चोखंदळ_चिंगी | बुधवार, रात्री ८:१५

पैशाच्या बाजूबद्दल लिहिते. मी इथे ग्राहक सल्ला केंद्रात काही वर्षं स्वयंसेवक होते.

हॅरोकरांचा "कबूल करू नका" हा सल्ला मला पटत नाही. कबूल केलं नाही तर माणूस येतच नाही आणि दोष तसाच राहतो. तिथे लढण्यात अर्थ नाही. लढायचं ते त्याआधी आणि त्यानंतर. आधी म्हणजे टेस्ट सॉकेटवर तपासायचं, पट्टी काढलेल्या सॉकेटचा फोटो काढायचा, दिवस आणि वेळ लिहून ठेवायची. तक्रार नोंदवताना स्पष्ट म्हणायचं की टेस्ट सॉकेटवर, घरातलं वायरिंग सोडवून, दुसऱ्या फोनने तपासलं आणि खरखर आहे, हे माझ्या तक्रारीत लिहा. आणि लिहिलंय ते वाचून दाखवा. जमलं तर फोनऐवजी चॅटवर करा, मजकूर हातात राहतो. नंतर म्हणजे इंजिनीअर जाताना त्याला विचारायचं, दोष कुठे सापडला आणि तुम्ही काय नोंदवताय. तो जे शेरा मारून जातो त्यावरून बिल बनतं.

भरपाईचंही विचारलं नाहीत तरी सांगते. ऑफकॉमने (इथल्या दूरसंचार नियामकाने) १ एप्रिल २०१९ पासून आपोआप भरपाईची योजना आणली. फोन किंवा इंटरनेट पूर्ण बंद पडलं आणि कामाच्या दोन पूर्ण दिवसांत सुरू झालं नाही तर त्यापुढे दर दिवशी ८ पौंड, आणि ठरल्या वेळी इंजिनीअर आला नाही तर २५. हे सुरुवातीचे आकडे, महागाईप्रमाणे वाढत गेलेत. पण ही योजना कंपन्यांनी आपणहून स्वीकारायची असते, सगळ्या त्यात नाहीत. आणि खरखर म्हणजे "पूर्ण बंद" नव्हे, त्यामुळे भज्यांचे पैसे मिळणार नाहीत.

खातं मावशींच्या नावावर असेल तर त्यांच्याकडून तुमचं नाव अधिकृत म्हणून घालून घ्या, नाहीतर दरवेळी त्यांनाच फोनवर यावं लागेल. आणि त्या "नो थँक्यू" म्हणतील.

---

हॅरोकर | बुधवार, रात्री ८:३०

बरं. मागे घेतो. पण माझे पैसे गेले ते गेलेच.

---

रानजाई | शनिवार, रात्री १०:४०

आज लेस्टरला जाऊन आले. बातमी फारशी चांगली नाही.

आधी अलार्मवाल्यांना कळवलं. मग रंगाने चिकटलेला स्क्रू अर्धा तास. मावशी शेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि मला सुरीने रंग कसा खरवडायचा ते शिकवत होती. पट्टी लावलेली असताना १७०७० केलं तर बारीक खरखर होती. पट्टी काढली, टेस्ट सॉकेटमध्ये फोन लावला, पुन्हा केलं. शांत. दोनदा, तीनदा केलं, मावशीलाही ऐकवलं. काहीच नाही.

म्हणजे दोष घरातलाच ना? बरं झालं इंजिनीअर बोलावला नाही. मावशी तर जिंकल्यासारखी बघत होती.

मग पडवीतला डबा उघडला. आतली टोकं अक्षरशः हिरवी, त्यातून पाणी आलं थोडं. तार यांनी मेसेजमध्ये सांगितलं तसं पट्टीच्या पाठीवरून वर आणि मागे जाणाऱ्या वायरी सोडवल्या आणि पट्टी परत लावली. आता फक्त दारापाशचा फोन आणि त्याच सॉकेटवर अलार्म. खरखर गेली. आईला फोन लावला, स्वच्छ. अलार्मचं बटण दाबून तिकडच्या बाईशी बोललो, तेही चालू.

सगळ्यांचे मनापासून आभार. ८५ पौंड वाचले.

---

बिनतारी | शनिवार, रात्री १०:५८

अभिनंदन. तरी मोबाइल ड्रॉवरमधून काढाच.

---

पर्वतीकर_निवृत्त | रविवार, सकाळी ६:२०

एक विचारू? काल लेस्टरला पाऊस होता का?

---

रानजाई | रविवार, सकाळी ९:००

नाही. कडक ऊन, म्हणजे इथल्या मानाने. का?

---

पर्वतीकर_निवृत्त | रविवार, सकाळी ९:१२

मग चाचणी अर्धीच झाली. पडवीतला दोष खरा होता, तो तुम्ही काढलात, उत्तम केलंत. पण ओल तिथे असल्यामुळे जो आवाज व्हायचा तो बारीक, आणि तुमची तक्रार पावसात "फार वाढते" अशी होती. घंटेनंतर स्वच्छ होतं हे लक्षणही मला पडवीच्या ओलीपेक्षा गंजलेल्या जोडाचं जास्त वाटतं. एका लाइनवर दोन दोष नसतात असं कुठे आहे? टेस्ट डेस्कवर आम्ही एक दोष काढून तक्रार बंद करायचो आणि चार दिवसांत तोच नंबर परत. पावसात पुन्हा तपासा. कंपनीने दूरवरून घेतलेली चाचणी "ठीक" दाखवते तीही बहुधा कोरड्या वेळी घेतलेली असते.

---

रानजाई | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

काका, तुमचं तोंड गोड होवो म्हणू की कडू?

दुपारपासून लेस्टरला पाऊस. चारला मावशीचा फोन, भजी परत. मी ऑफिसात. तिला म्हटलं, मी शनिवारी येते. ती म्हणाली, "शनिवारी पाऊस असेल कशावरून?" आणि फोन ठेवला. चाळीस मिनिटांनी परत फोन. बाईने अलार्मवाल्यांना सांगून, स्क्रू काढून, पट्टी बाजूला ठेवून, १७०७० केलं होतं. "दोन दाबल्यावर शांत बस म्हणते ती आणि स्वतःच तळत बसते." घड्याळ बघून वेळही लिहून ठेवली: चार वाजून अठरा. नर्स होती ना, नोंद केल्याशिवाय राहणार नाही.

आता टेस्ट सॉकेटवर खरखर. म्हणजे त्यांचा दोष. चिंगीताईंनी सांगितल्याप्रमाणे चॅटवर तक्रार केली, वाक्य जसंच्या तसं घातलं. ८५ पौंडांचं कलम परत आलं. या वेळी डोळे मिटून "हो" म्हटलं. शुक्रवारी सकाळी ८ ते १ मध्ये येणार.

---

तांब्याची_तार | मंगळवार, रात्री ९:३०

मावशींना सलाम. आमच्याकडे घ्यायला हवं त्यांना.

---

रानजाई | शुक्रवार, दुपारी २:१०

कोणी आलं नाही. मी सुट्टी काढून इथे बसलेय. चॅटवर "सिस्टीममध्ये पुढची तारीख सोमवार दिसतेय" एवढंच.

---

चोखंदळ_चिंगी | शुक्रवार, दुपारी २:४०

चॅटचा तो मजकूर जपून ठेवा. तुमची कंपनी योजनेत असेल तर न आल्याचे पैसे आपोआप यायला हवेत.

---

रानजाई | सोमवार, संध्याकाळी ५:३०

आला! मी नव्हते, मावशीकडून ऐकलेलं सांगते.

तरुण मुलगा होता. सॉकेटला काहीतरी यंत्र लावलं, मग बाहेर गेला आणि शिडी लावली. खांबावरून घराकडे येणारी तार वळचणीखाली एका छोट्या करड्या डबीत जोडलेली आहे. डबीचं झाकण फुटलेलं, आतला जोड हिरवा ठार. तो कापून नवा केला, डबी बदलली, सॉकेटही नवं बसवलं, खटक्यांचं. वीस मिनिटांत काम. चहा नको म्हणाला पण चकली खाल्ली. मावशीने त्याला चिंगीताईंचा प्रश्न विचारला, काय लिहिताय? "बाहेरचा जोड, ग्राहकाकडे दोष नाही," असं सांगून गेला. तिने तेही वेळेसह लिहून घेतलं.

---

गप्पिष्ट | सोमवार, संध्याकाळी ५:५०

आपल्याकडे असता तर चकलीवर भागलं नसतं.

---

पर्वतीकर_निवृत्त | सोमवार, संध्याकाळी ६:१५

@गप्पिष्ट, सगळे तसे नव्हते हो. भर पावसात डीपीवर (खांबावरच्या जोडपेटीपर्यंत) चढून हिरवे जोड कापणारी पोरं मी पाहिली आहेत, चहासुद्धा न घेता.

---

गप्पिष्ट | सोमवार, संध्याकाळी ६:२०

क्षमस्व काका. खरं आहे.

---

रानजाई | तीन आठवड्यांनंतर, गुरुवार, रात्री ९:०५

धागा वर काढते, कारण बिल आलं. एकाच पानावर, एकाखाली एक: "इंजिनीअर भेट, ८५ पौंड" आणि "न आलेल्या भेटीची भरपाई" म्हणून ३० पौंड आणि वर काही पेन्स. म्हणजे त्यांना न येण्याचं वाईट वाटलं, आणि आल्याचे पैसे हवेत.

---

हॅरोकर | गुरुवार, रात्री ९:११

सांगत होतो.

---

चोखंदळ_चिंगी | गुरुवार, रात्री ९:४०

शांतपणे लिहा. चॅटचा मजकूर, सॉकेटचा फोटो, मावशींच्या दोन नोंदी. मागणी एकच ठेवा: तारवाल्यांकडून आलेला भेटीचा शेरा काढून बघा आणि रक्कम मागे घ्या. शेऱ्यात "ग्राहकाकडे दोष नाही" असेल तर वाद उरतच नाही. मावशींचा डायरेक्ट डेबिट मात्र थांबवू नका, नाहीतर थकबाकीचं वेगळंच लचांड मागे लागेल. नाहीच ऐकलं तर रीतसर तक्रार, आणि मग स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत.

---

रानजाई | पुढचा मंगळवार, दुपारी १२:३०

८५ पौंड मागे आले. कारण दिलं नाही, "या वेळी सद्भावना म्हणून" असं लिहिलंय. मावशी भडकली आहे. सद्भावना कसली, माझेच पैसे, म्हणते. तिला उत्तर पाठवायचं आहे, मी थोपवून धरलंय.

---

तांब्याची_तार | मंगळवार, दुपारी १:२०

एक पुढचं बोलून ठेवतो. हे तांब्यावरचे फोन २०२७ च्या जानेवारीअखेर इथे बंद होणार आहेत. आधी डिसेंबर २०२५ ठरलं होतं, मग पुढे ढकललं. नंतर फोनची पिन भिंतीत नाही, राउटरच्या पाठीत. एक्सचेंजच्या बॅटरीवर चालणारा फोन वीज गेली तरी चालायचा, राउटर चालणार नाही. म्हणून मावशींच्या गळ्यातल्या अलार्मबद्दल आताच कंपनीला आणि अलार्मवाल्यांना दोघांनाही कळवून ठेवा. अशा ग्राहकांना घाईने हलवायचं नाही असं कंपन्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला लिहून दिलंय, पण अलार्म आहे हे त्यांना माहीत तर हवं. वीज गेल्यावर निदान तासभर तातडीचा फोन करता यावा म्हणून बॅटरीही मागता येते.

---

बिनतारी | मंगळवार, दुपारी १:३५

आणि ड्रॉवरमधला मोबाइल.

---

रानजाई | मंगळवार, रात्री ८:५०

हो हो, @बिनतारी, काढलाय. आता टेबलावर असतो. बंद.

तार, दोघांनाही कळवते. वरच्या खोलीसाठी बिनवायरीचा जोडफोन घेतला, एक खाली, एक उशाशी. त्यामुळे काकांच्या वायरी आता कशालाच जोडलेल्या नाहीत. शनिवारी काढून टाकते म्हटलं, जिन्याच्या कडेने खिळे मारून नेलेली ती करडी वायर दिसायला काही फार छान नाही. मावशी म्हणाली, राहू दे. वर्षभर दर रविवारी गुडघ्यावर बसून एकेक खिळा मारलाय त्यांनी.

राहू दिली तर काही बिघडेल का, पर्वतीकर काका?

---

पर्वतीकर_निवृत्त | बुधवार, सकाळी ५:४५

काही बिघडत नाही. सुटी टोकं एकमेकींना लागू देऊ नका, प्रत्येकीला वेगळी टेप गुंडाळा. पडवीतला डबा तेवढा काढा, तिथे पाणी आहे.